तांबोळी सर आणि पावडरचं वाक्य

दुसऱ्याचं बोलणं भाषांतर करून सांगताना तांबोळी सर ‘ते म्हणतात’ असं कधीच म्हणायचे नाहीत. समोरचा माणूस ‘मी’ म्हणाला, की सरही ‘मी’च म्हणायचे. डोळे मिटून ऐकायचे, आणि वाक्य पुरं झालं की डोळे तसेच मिटलेले ठेवून बोलायचे. शिरूरच्या मार्केट यार्डात, कांद्याच्या ढिगाशेजारी उभं राहून, “मला दोन मुली आहेत, आणि थंडीत गोठलेल्या तळ्यावरून चालायला मला फार आवडतं,” असं ते शांतपणे म्हणाले, तेव्हा पोती शिवत बसलेला एक म्हातारा हमाल गोंधळलाच.

“सर, तुमाला तर एक ल्योक हाय न्हवं? आन् तळं कुठलं गोठतंय हितं?”

“आत्ता मी हे साहेब आहे,” सर डोळे न उघडता म्हणाले. “पाच मिनिटं थांबा, मामा. मग परत तुमचा तांबोळी होतो.”

शेजारी उभे असलेले उंच, भुऱ्या मिशांचे साहेब म्हणजे युरोपातल्या एका लहान, श्रीमंत देशाच्या दिल्लीतल्या वकिलातीचे आर्थिक सल्लागार. देशाचं नाव मी लिहीत नाही. सरकारी नोकरीत आयुष्य गेलं, ती सवय आता सुटायची नाही. नव्वदच्या दशकाचे ते मधले दिवस होते. त्या देशाची आणि आपल्या सरकारची आर्थिक सहकार्याची बोलणी वर्षभर चालली होती आणि विषय होता दुधाचा. त्यांनी दूध थंड ठेवणारी यंत्रं, म्हणजे कूलर द्यायचे, माणसं शिकवून तयार करायची. आपण जागा, वीज आणि दूध द्यायचं. प्रयोगासाठी दौंड तालुक्यातलं भांडगाव निवडलं होतं. करारावर सही होण्याआधी गावकऱ्यांशी समोरासमोर चर्चा झालीच पाहिजे, अशी त्यांच्या संसदेची अट होती. मी तेव्हा दुग्धविकास खात्यात, शिरूरला कनिष्ठ अधिकारी होते. दुभाषी शोधायचं काम माझ्यावर आलं.

पुण्याहून आधी एक दुभाषी आणून पाहिला होता. त्याला ‘भाकड’ गाय म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. दूध आटलेल्या गाईला त्याने इंग्रजीत आजारी गाय करून टाकलं आणि साहेबांनी औषधांची चौकशी सुरू केली. मग कोणीतरी म्हणालं, आपल्या शिरूरच्या तांबोळी सरांना विचारा की.

सर एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत राहायचे. तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. मी गेले तेव्हा ते ओट्यावर बसून कुणाचा तरी पासपोर्टचा अर्ज भरून देत होते. आत चहाला सांगून त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “कागद कुठायत?”

“कसले कागद, सर? तुम्हाला फक्त बोलायचंय.”

“कागद न वाचता बोललो तर मी पोपट. मसुदा आणा. आणि मॅडम, शेवटचं परिशिष्टसुद्धा आणा. माणसं शेवटच्या पानावर खरं लिहितात.”

त्यांचा जन्म दौंडचा. वडील रेल्वेच्या रनिंग रूममध्ये स्वयंपाकी होते. गाडी सोडून आलेले ड्रायव्हर, गार्ड जिथे जेवायचे, झोपायचे ती ही जागा. त्यात अँग्लो-इंडियन ड्रायव्हर पुष्कळ. त्यांचं बोलणं ऐकत सर वाढले. “माझं इंग्रजी पुस्तकातलं नाही, इंजिनातलं आहे,” असं ते म्हणत. खरंच, त्यांच्या इंग्रजीला एक वेगळाच झोक होता. सल्लागार साहेब पहिल्यांदा ऐकून चमकलेच होते.

भांडगावची सभा सकाळी दहाला, दूध संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. आम्ही शिरूरहून न्हावरा, चौफुला करत जीपने पोहोचलो. संस्थेचे चेअरमन आप्पा पांढरीशुभ्र टोपी घालून दारातच उभे होते. ऊस आणि बागायतीवाले आप्पा गावात वजनदार. पण दुधाची तळमळ त्यांना खरीच होती. उन्हाळ्यात कॅनमधलं दूध दौंडला पोहोचेपर्यंत नासायचं, आणि नासलेलं दूध ओढ्यात ओतताना बायकांची तोंडं बघवत नाहीत, असं ते मला मागे एकदा म्हणाले होते. त्यांना कूलर हवे होते. चार कूलर मसुद्यात होते.

सभेआधी मुंबईहून आलेल्या आमच्या वरिष्ठांनी मला बाजूला घेतलं. “परिशिष्टात पावडरचं एक कलम आहे. साहेबांच्या भाषणात तो उल्लेख येईल. तुमच्या दुभाष्याला सांगा, तिथं जरा मोघम बोला. गावात नसता गोंधळ नको. वर्षभराची मेहनत आहे.”

मी सरांकडे गेले आणि निरोप सांगितला. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते, पायातल्या चपलांकडे बघत होते.

“मॅडम, तुम्हाला सांगायला सांगितलं, तुम्ही सांगितलंत. तुमचं काम झालं,” सर म्हणाले. “आता माझं मला करू द्या.”

साहेब चांगले बोलले. यंत्रांबद्दल, प्रशिक्षणाबद्दल, त्यांच्या देशातल्या सहकारी दूध संस्थांबद्दल. त्यांचे आजोबाही गाईच राखत होते, हेही सांगितलं. आणि मग ते वाक्य आलं. साहेबांनी ते लपवलं नाही, उलट अभिमानानेच सांगितलं. सरांनी डोळे मिटून ते ऐकलं आणि जसंच्या तसं मराठीत ठेवलं.

“उन्हाळ्यात तुमचं दूध कमी पडेल, तेव्हा ती तूट मी माझ्या देशातल्या दूध पावडरने भरून काढीन. ती पावडर तुम्हाला स्वस्त पडेल, कारण माझं सरकार माझ्या शेतकऱ्याला त्यासाठी मदत देतं.”

मग बायकांच्या बाजूने कमलताई उठल्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, दोन संकरित गाई सांभाळणाऱ्या. सभेत त्या यापूर्वी कधी बोलल्या नव्हत्या, असं आप्पांनीच मला नंतर सांगितलं.

“मी काय म्हंते,” त्या म्हणाल्या, “उन्हाळ्यात मी वैरण इकत आणून गाय जगिवते. कशापायी? तवाच दुधाला जरा बरा दर असतो म्हणून. आन् तवाच तुमची पावडर आली, तर माझं दूध कोण घेनार? मग गाय काय पावसाळ्यात दावणीला बांधायची आन् उन्हाळ्यात पेटीत घालून ठिवायची व्हय?”

बायका हसल्या. सर इंग्रजीत बोलू लागले, आणि ‘मी वैरण विकत आणते’ हे त्यांच्या तोंडून निघालं तेव्हा त्यांचा आवाजही थोडा कमलताईंसारखा झाला होता. त्यांचं अर्धं झालं असेल-नसेल, तोच आमचे वरिष्ठ त्यांच्याकडे झुकले आणि हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी म्हणाले. सर थांबले. त्यांनी ते ऐकून घेतलं, आणि डोळे मिटून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत म्हणाले:

“ही बाई प्रकल्पाचं स्वागत करते आहे एवढंच सांगा. बाकीचं राहू द्या.”

हे कुणाचं वाक्य, हे कळायला लोकांना जरा वेळ लागला. आधी कमलताईंना कळलं. “म्या कवा स्वागत केलं?” त्या म्हणाल्या, आणि मग शेडभर जो हशा उठला तो काही केल्या थांबेना. वरिष्ठांचं तोंड लालभडक झालं. आप्पांनी डोक्याला हात लावला. सरांनी हशा विरेपर्यंत वाट पाहिली आणि कमलताईंचा उरलेला प्रश्न, गाईच्या पेटीसकट, इंग्रजीत पूर्ण केला.

साहेब हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहीत राहिले. माणसं चुळबुळायला लागली तेव्हा सर म्हणाले, “थांबा. मी गप्प आहे. विचार करतोय.” शेवटी साहेबांनी मान वर केली आणि एकच छोटं वाक्य बोलले.

“ताई, माझ्याकडे याचं उत्तर नाही. मी तुमचा प्रश्न बरोबर घेऊन जातो.”

मागून एकाने विचारलं, “सायेब खरंच आसं म्हनले, का हे तुमचंच?” मोठ्या साहेबाला उत्तर येत नाही, ही गोष्टच त्याच्या पचनी पडत नव्हती.

परतताना चौफुल्याला चहासाठी थांबलो. वरिष्ठ केव्हाच रागाने पुण्याच्या रस्त्याला लागले होते. सर बशीतला चहा निववत म्हणाले, “मॅडम, पावडरचं सांगितलं ते मी बरोबर केलं. पण तुमच्या साहेबांचं कुजबुजणं मोठ्यानं सांगितलं, ते नको होतं. ते त्यांनी मला सांगितलं होतं, सभेला नाही. ते भाषांतर नव्हतं, माझा राग होता.” दुसऱ्या दिवशी त्यांनी वरिष्ठांना माफीचं पत्र लिहिलं. त्या पत्राला उत्तर आलं नाही. मला मात्र खुलासा द्यावा लागला आणि सरांचं नाव आमच्या कार्यालयाच्या यादीतून खोडलं गेलं.

बोलणी थांबली. वकिलातीकडून कळवलं गेलं की परिशिष्टाचा फेरविचार चालू आहे. फेरविचारातच हिवाळा गेला आणि उन्हाळा आला. चार सोडा, एकही कूलर आला नाही.

वैशाखातल्या एका सकाळी मी काही कामाने सरांकडे गेले होते, तेव्हा आप्पा तिथे आले. भांडगावहून मुद्दाम आले होते. चप्पल न काढता उंबऱ्याशीच उभे राहिले.

“सर, काल चार कॅन दूध वतून दिलं ओढ्यात. परवा तीन. तुमी त्यो एक शबुद गिळला असता तर आज माझ्या शेडात मशिन असतं. पावडर आली आसती तवाची तवा बगितली आसती आमी. आमचं आमी निस्तारलं आसतं. तुमी कोण ठरिवणार?”

“तुमचं खरं आहे, आप्पा,” सर म्हणाले. “नुकसान झालं ते माझ्या बोलण्यानं झालं. पण ठरवायचं तुम्ही, म्हणूनच मी शब्द गिळला नाही. गिळला असता, तर मी ठरवलं असं झालं असतं.”

“ही शाळंतली बोलणी मला नका सांगू.” आप्पा चहा न घेता गेले. गाडीचा दरवाजा त्यांनी एवढ्या जोरात आपटला, की समोरच्या ओट्यावरची कोंबडी उडाली.

मी विचारलं, “सर, एवढं ऐकून घ्यायची काय गरज होती? सांगायचं होतं, साहेबांनी स्वतःच उघड बोललेलं वाक्य होतं ते.”

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग सांगितलं. त्याआधी आणि त्यानंतरही त्यांनी ते कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

मॅट्रिक होऊन ते दौंडला घरीच होते, त्या वर्षीची गोष्ट. रनिंग रूमची पाहणी करायला एक साहेब आला. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी लेकाला बोलावून घेतलं. साहेब म्हणाला, जेवण दोनदा उशिरा मिळाल्याची तक्रार आहे, तिसऱ्यांदा झालं तर याला कामावरून काढीन. बाजूला सात-आठ माणसं उभी होती. वडील लेकाच्या तोंडाकडे बघत होते. आपला मुलगा साहेबाशी इंग्रजीत बोलतोय, याचाच त्यांना आनंद झाला होता.

“मी म्हणालो, अब्बा, साहेबांना जेवण आवडलं,” सर म्हणाले. “अब्बांनी साहेबाला वाकून सलाम केला. साहेबाला वाटलं, ताकीद समजली. पंधरवड्यात एक गाडी उशिरा आली, चूल विझली होती, आणि अब्बांना घरी बसवलं. चोवीस वर्षांची नोकरी. घरी येऊन ते पुन्हा पुन्हा एकच विचारायचे, साहब तो खुश थे ना रे?”

“तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाही?”

“नाही. ते गेले तोवर नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी गोड बोललो, मॅडम. ताकीद कळली असती तर त्यांनी चूल विझू दिली नसती.” चष्मा घालून ते उठले. “आप्पांचा राग रास्त आहे. पण कमलताईंना चूल विझायच्या आधी कळलं, एवढं मला पुरे.”

त्यानंतर सव्वा-दीड वर्षाने बोलणी पुन्हा सुरू झाल्याचं कळलं. मसुदा माझ्या टेबलावर आला तेव्हा मी आधी शेवटचं पान उघडलं. पावडरचं कलम गेलं होतं. त्या जागी उन्हाळ्यासाठी मुरघास, म्हणजे हिरवा चारा खड्ड्यात दाबून टिकवायचं प्रशिक्षण, आणि दौंडच्या चार तरुणांना कूलर दुरुस्तीचं शिक्षण, अशी दोन नवी कलमं होती. कूलर मात्र चाराचे दोन झाले होते. दिल्लीतल्या एका अधिकाऱ्याने मला सांगितलं, त्या सल्लागार साहेबांना यासाठी स्वतःच्याच मंत्रालयाशी भांडावं लागलं. तिथल्या दूध संघांना पावडर खपवायची होती. बैठकीत त्यांनी वहीतून एका बाईचा प्रश्न वाचून दाखवला होता, पेटीतल्या गाईचा. करार झाला आणि महिन्याभरात त्यांची बदली झाली. ती बढती होती की शिक्षा, ते मला कळलं नाही.

कूलरच्या उद्‌घाटनाला आमच्या कार्यालयाने पुण्याहून एक तरुण दुभाषी मुलगी आणली. सरांना निमंत्रण गेलं नाही. मी सुचवून पाहिलं, जमलं नाही. तरी सर आले. आप्पा स्वतः जीप घेऊन शिरूरला गेले आणि त्यांना घेऊन आले. दोघांमध्ये रस्त्यात काय बोलणं झालं कोण जाणे. मी एकदा आप्पांना विचारलं, तर म्हणाले, “काय बोलायचं? न्हावऱ्यात भेळ खाल्ली.”

सर शेवटच्या रांगेत बसले. भाषणात ‘मुरघास’ शब्द आला आणि ती मुलगी अडखळली. लोक सरांकडे वळून बघायला लागले. सरांनी नजर खाली घातली. तिने स्वतः त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हाच त्यांनी हळूच एक इंग्रजी शब्द पुढे केला. सभा संपल्यावर मुलगी त्यांच्या पाया पडली. तिला ते म्हणाले, “चांगलं करतेस. फक्त घाई करू नकोस. समोरच्याचं संपलं असं वाटलं ना, की आणखी एक श्वास थांब. खरं असेल ते तिथं येतं.”

पुढे माझी बदली झाली. दोन-तीन वर्षांनी पुन्हा पुण्याला आले तेव्हा समजलं, सर आता दौंडला मुलाकडे असतात आणि त्यांना ऐकू येत नाही. भेटायला गेले. उन्हं उतरत होती, ते अंगणात खाटेवर बसले होते. मांडीवर पाटी-पेन्सिल. कानात यंत्र घातलेलं होतं, पण ते दागिन्यासारखं, उपयोग शून्य. मला ओळखून हसले आणि पाटी पुढे केली. “भांडगाव कसं आहे?”

मी त्या सकाळीच भांडगावला जाऊन आले होते. एक कूलर छान चालू होता. दुसरा तीन महिने बंद. एक सुटा भाग इथे मिळत नव्हता; शिकून तयार झालेल्या चौघांतले दोघे कंपनीच्या नोकरीला कुरकुंभला लागले होते, उरलेले दोघे हात टेकून बसले होते. त्या देशाने कराराची मुदत संपली म्हणून पत्रांना उत्तर देणं थांबवलं होतं. आप्पा थकले होते.

सर फार वाळले होते. हातांच्या शिरा वर आलेल्या. मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, ‘सगळं उत्तम.’ पाटी वळवून त्यांच्यापुढे धरणार, तोच थांबले. मी तळहाताने ते पुसलं आणि खरं होतं ते सगळं लिहिलं. पाटी तीनदा भरली, तीनदा पुसली.

ते एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेले. शेवटची वाचून झाल्यावर मला वाटलं, आता मान खाली घालतील. पण त्यांनी आत हाक मारून सुनेकडून कागद मागवला.

“बरं झालं सांगितलंत. लिहा,” म्हणाले. “वकिलातीला नको. त्या जुन्या साहेबांनाच. ते कुठेही असोत, त्यांचं मंत्रालय पोहोचवेल.”

दोन तास त्यांनी ते पत्र सांगितलं. बिघडलेल्या भागाचा क्रमांक मी सकाळी टिपून आणला होता, तो घातला. जिथे मी ‘नम्र विनंती’ लिहिलं, तिथे ‘विनंती’ एवढंच ठेवायला लावलं. पहिल्या मसुद्यातलं, पुढे करारातही राहिलेलं एक कलम त्यांना पाठ होतं, दुरुस्तीची जबाबदारी मुदतीनंतरही राहील असं म्हणणारं. ते शेवटच्या पानावर होतं.

पत्र मी पोस्टात टाकलं. दोन महिन्यांनी भांडगावला एक लाकडी खोकं आलं. त्यात तो भाग होता, आणि असाच एक जादा. कूलर सुरू झाल्याचं मी सरांना कळवलं. पोस्टकार्ड त्यांनी वाचलं, असं त्यांच्या मुलाने सांगितलं. त्याच हिवाळ्यात ते गेले.

मी दौंडला पोहोचले तेव्हा दफन होऊन माणसं परत येत होती. आप्पा काठी टेकत चालत होते, कुणाशी बोलत नव्हते. मी आत बायकांमध्ये जाऊन बसले. भांडगावहून कमलताई आल्या होत्या, सरांच्या पत्नीचा हात धरून. एका नातेवाईक बाईने विचारलं, तुमची आणि सरांची ओळख कशी?

“वळख कसली,” कमलताई म्हणाल्या. “जल्मात एकदाच बोलले मी चार माणसांत. तेवढं माझ्या तोंडचं त्यांनी उचलून पार समिंदरापल्याड न्हेलं, आन् वाटंत एकबी शबुद सांडू दिला न्हाई.”